कॅपमधली जागा

आमच्या लीगच्या नियमात असं आहे की खेळाडूच्या नावापुढे मानधनाचा आकडा एकदा लिहिला, की हंगाम संपेपर्यंत तो बदलता येत नाही. माणूस मात्र काढता येतो. हे ज्या कोणी लिहिलं त्याला मी कधी भेटले नाही. भेटला असता तर चहा पाजला असता आणि दोन शब्द सुनावले असते.

मी सुगंधा. दांडेवाडीच्या फुटबॉल संघाची कोच. बाई पुरुषांच्या संघाची कोच कशी, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता मी उत्तर देत नाही, सरळ सराव सुरू करते. राज्याकडून खेळले, कोचिंगचा परवाना काढला आणि घरी परत आले. घर रापणकारांचं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी समुद्रात वळसा घालून जाळं टाकून येते आणि दोन्ही बाजूंचे दोर अख्खी वाडी ओढते. मासळी वाळूत पडली की वाटे होतात, आणि सगळ्यांचे सारखे होतात. जो तापाने पडलाय, ज्याचा हात मोडलाय, त्याचाही वाटा निघतो, कारण त्याचं नाव रापणीत आहे. वाटे झाले की वाळूत काही शिल्लक राहत नाही. ठेवायचं कुणासाठी, कावळ्यांसाठी?

अशा वाडीच्या हाती व्यावसायिक फुटबॉल संघ आला म्हटल्यावर काय होणार? जिल्ह्यात लीग सुरू झाली. आठ संघ, खेळाडूंशी करार, दर महिन्याला मानधन. एखाद्या पैसेवाल्याने सगळे चांगले खेळाडू पळवू नयेत म्हणून कॅप ठेवली. म्हणजे एका संघाने सगळ्यांना मिळून ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त द्यायचं नाही. नियम चांगला आहे, उगाच नावं ठेवणार नाही. कॅप नसती तर आमच्यासारख्या वाडीचा संघ कुणी दारातही उभा केला नसता. पहिल्या वर्षी कुठल्याशा संघाने एका खेळाडूला कागदावर कोच दाखवून त्याला वरचे पैसे दिले. तेव्हापासून कोचचं मानधनही कॅपमध्येच धरतात.

आमचे मालक विनीतशेठ. मालवणात त्यांचं हॉटेल आहे, पर्यटकांना फिरवायच्या बोटी आहेत. माणूस वाईट नाही, हिशेबी आहे. हंगामाच्या सुरुवातीला त्यांनी मला सांगितलं, की वाटणी तू कर, पण कॅपमध्ये थोडी जागा रिकामी ठेव. बाकीचे संघ तसंच करतात. दोन मोठे खेळाडू, बाकीचे स्वस्तातले, आणि थोडी जागा मोकळी, म्हणजे मध्येच कुणी चांगला हाती लागला तर घेता येतो. मी पोरांना होडीच्या सावलीत बसवलं आणि विचारलं. जागा रिकामी ठेवायची हे त्यांच्या डोक्यातच शिरेना. हातात आलेलं वाटून टाकायचं, एवढंच त्यांना आणि मला ठाऊक. कप्तान दीपेश, गोलकीपर धोंडू, बदली म्हणून बसणारी पोरं आणि मी, सगळ्यांचे वाटे सारखे केले आणि कॅप काठोकाठ भरली. यादी बघून विनीतशेठनी कपाळावर हात मारला. याला लोक आमची चूक म्हणतात. म्हणोत बापडे.

हंगाम संपायला एक सामना उरला असताना बाबलीचा गुडघा गेला. बाबली आमचा डावा बॅक. अंगाने काटकुळा, पण समोरच्याला चेंडू घेऊन आत घुसू देणार नाही म्हणजे नाही. उडी मारून उतरला तो आडवाच झाला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतला लिगामेंट तुटलाय, सूज उतरली की ऑपरेशन करू, मग पुन्हा खेळेल. ऑपरेशनचा सगळा खर्च लीगचा विमा देणार होता. पण नाव संघाच्या यादीत असेल तरच. यादीतून नाव गेलं की विमा गेला. बाबलीची आई सुभद्रा बाजारात मासे विकते, बाप खलाशी होता तो आता घरीच असतो. विमा गेला तर बाबली जन्मभर लंगडणार हे सांगायला डॉक्टर नको होता.

त्यातच आमची अवस्था अशी, की शेवटचा सामना हरलो तर लीगमधून बाहेर. बरोबरी केली तरी चाललं असतं. पण समोरच्यांनी एक घातला की बरोबरीलाही गोल लागतो, आणि आमच्या पोरांना गोल दिसला की चक्कर येते. अशा वेळी विनीतशेठना म्हापशाचा आग्नेलो सापडला. त्याचा क्लब बंद पडला होता, पोरगा मोकळा होता. मी त्याला खेळताना पाहिलं होतं. दोन्ही पायांनी मारतो, आणि मारताना घाई करत नाही. मला तो हवा होता, हे मी कुणापासून लपवलं नाही.

जागा मात्र नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता लीगच्या ओरोसच्या कार्यालयात खेळाडू बदलायची मुदत संपणार होती. गुरुवारी विनीतशेठनी मला हॉटेलवर बोलावून घेतलं, सोलकढी पुढे ठेवली आणि बाबलीचं नाव काढायचं सांगितलं. म्हणाले, नाहीतरी तो खेळणार नाही. त्याच्या उरलेल्या वाट्यात आग्नेलो बरोबर बसतो. मी ऑपरेशनचं विचारलं. ते म्हणाले, बघू नंतर. मी म्हटलं, मग आत्ता चेक लिहून ठेवा. तर म्हणाले, कॅपच्या बाहेर खेळाडूला, अगदी काढलेल्यालाही, एक रुपया दिला तरी संघ बाद होतो. हेही खरंच होतं. नियम कसे असतात बघा, माणसाला सोडायचं म्हटलं की सगळे सोडणाऱ्याच्या बाजूने उभे राहतात.

"मी सही करूचंय नाय," मी सांगितलं. खेळाडूला हंगामात काढायचं तर तीन सह्या लागतात. मालकाची, खेळाडूची आणि कोचची.

"सुगंधा, एका पायासाठी तू अख्खी टीम बुडवतलंस?"

"पाय टीमचोच आसा, शेठ."

ते हसले. दोन सह्या आपल्याकडे आहेत, असं म्हणाले. मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण चूक नव्हती. सकाळी ते बाबलीच्या घरी जाऊन आले होते.

सोलकढी तशीच टाकून मी बाबलीकडे गेले. पाय स्टुलावर ठेवून तो पडवीत बसला होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. सुभद्रा दाराच्या आत उभी होती. सही त्याने कुणाच्या धाकाने केली नव्हती. विनीतशेठनी त्याला एवढंच विचारलं होतं, की तुझ्या नावापायी बाकीच्यांचे करार जावेत असं तुला वाटतं का. अशा प्रश्नाला आमच्या वाडीतला पोरगा काय उत्तर देणार?

"ताय, माका कोणाची मेहेरबानी नको," तो म्हणाला. "मी बसान खातंय आणि तेंचा सगळा जाता. माका जमाचा नाय."

माझा पारा चढला. त्याच्यावर नाही, पण समोर तोच होता.

"तुझो बापूस तापान पडलेलो, तेव्हा रापणीतलो तेचो वाटो कोणी खाल्लो?"

तो स्टुलावरच्या पायाकडे बघत राहिला.

"सांग मेल्या. कोणी खाल्लो?"

"कोणीच नाय. घराक येय होतो."

"ती मेहेरबानी होती?"

"नाय."

"मगे गप रव."

गप राहा असं सांगणं सोपं होतं. घरी येऊन मी जेवले नाही. सही केली नाही तर बाबलीचा पाय वाचत होता, पण आग्नेलो येत नव्हता. आग्नेलोशिवाय आम्ही हरणार हे मला कोच म्हणून स्वच्छ दिसत होतं. हरलो की लीग गेली, करार गेले, आणि आपल्यामुळे गेले असं बाबली मरेपर्यंत म्हणत बसला असता. तो पाय घेऊन तो करणार काय होता?

शुक्रवारी दुपारी ओरोसच्या एसटीत बसले. डोक्यात तेच चाललं होतं. बाबलीएवढी जागा हवी, बाबलीएवढी जागा हवी. कसाल गावाच्या आसपास मला एकदम हसू आलं. शेजारची बाई दचकली. बाबलीएवढ्या जागा आमच्या यादीत भरपूर होत्या! वाटे सारखे केलेले, मग जागाही सारख्याच. दुसऱ्या कुठल्या संघात हे जमलं नसतं. तिथे कोचचं मानधन वेगळं, खेळाडूंचं वेगळं, एकाच्या जागेत दुसरा मावत नाही. आमच्या चुकीमुळे मावत होता. आणि बाबलीएवढ्या एका जागेवर तर मी स्वतःच बसले होते.

लीगचे सचिव कौस्तुभ म्हणून आहेत, तरुण, नीटनेटके, कधी आवाज चढवत नाहीत. विनीतशेठ त्यांच्या समोरच बसले होते. बाबलीचा सोडचिठ्ठीचा कागद टेबलावर तयार होता, माझ्या सहीपुरती जागा कोरी होती. बाहेर व्हरांड्यात बाकड्यावर आग्नेलो बॅग मांडीवर घेऊन बसला होता. बिचारा सकाळीच गोव्याच्या हद्दीवरचा इन्सुलीचा नाका ओलांडून आला होता आणि कुणी त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मी आधी त्याला पाणी दिलं, मग आत गेले. बाबलीचा कागद बाजूला सारला आणि कौस्तुभकडे एक कोरा कागद मागितला.

कोचने राजीनामा द्यायचा तर एकच सही लागते, त्याची स्वतःची. मी चार ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला.

कौस्तुभनी तो दोनदा वाचला. "मॅडम, हे आज घेतलं की परत देता येणार नाही," ते म्हणाले. "उद्या तुम्हाला बेंचवर बसता येणार नाही. मैदानाच्या दोरीच्या आतसुद्धा येता येणार नाही."

"आणि माझ्या जागेत आग्नेलो बसतो?"

त्यांनी आकडे पाहिले. "बसतो."

"पाच वाजल्यावर बाबलीला कोणी काढू शकतं?"

"नाही. यादी बंद झाली की कुणालाच काढता येत नाही."

"मालकालाही नाही?"

"मालकालाही नाही."

"ते जरा शेठना ऐकू जाईल असं सांगा."

कौस्तुभनी खरंच परत सांगितलं, आणि तेही त्याच आवाजात. विनीतशेठ उठून उभे राहिले होते. इतकी वर्षं ओळखते त्यांना, पण त्यांचा हिशेब चुकलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मला फार बरं वाटलं. वाईटही वाटायला हवं होतं, माझं काम गेलं होतं. ते नंतर वाटलं, घरी गेल्यावर, आणि चांगलंच वाटलं. पण त्या खोलीत मी खूश होते.

"तुका पिसा लागला काय गो?" ते शेवटी म्हणाले. "तू नसलंस तर टीम कोण बघतलो?"

"तुमका जागा व्हयी होती. मी दिलंय. आता आग्नेलोची सही घ्या, पाच वाजतले."

त्यांनी घेतली. हिशेबी माणूस, हातात आलेला स्ट्रायकर रागापायी सोडणार थोडाच. बाबलीचा कागद मी घडी करून पर्समध्ये टाकला. आग्नेलो सगळं ऐकत होता. बाहेर आल्यावर कुठल्या जागी खेळायचं ते त्याने मला अदबीने विचारलं, "बाय, हांव खंय खेळूं?" मी म्हटलं, मी आता कोच नाही बाबा. आणि मग एसटी येईपर्यंत तिथल्या धुळीत चपलेच्या टोकाने आकृती काढून त्याला सगळा संघ समजावून सांगितला.

शनिवारचा सामना आमच्याच मैदानावर होता. वाडीतली बायकामाणसं, शाळेची पोरं, जत्रेला जमावी तशी गर्दी. मैदानाभोवती दोरी बांधलेली, तिच्या बाहेर मी सुभद्राशेजारी उभी राहिले. बेंचवर माझ्या जागी संघ बघणाऱ्या दीपेशचे कागद पडलेले, आणि कुबड्या घेऊन बसलेला बाबली. तो यादीतला खेळाडू होता, बेंचवर बसायचा त्याला हक्क होता. माझ्याकडे त्याने एकदाच पाहिलं आणि मान फिरवली. राजीनाम्याचं त्याला सकाळी कळलं होतं. सुभद्रा म्हणाली, घरात आदळआपट करून झाली, आता माझ्याशी जन्मात बोलणार नाही म्हणतो. मी म्हटलं, न बोलू दे. पाय नीट झाला की लाथ मारायला ये म्हणावं.

सामना सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं की गप्प उभं राहणं मला येत नाही. मी ओरडायला लागले. लीगचे एक निरीक्षक धावत आले आणि मी कोण असं विचारू लागले. मी म्हटलं, प्रेक्षक. ते म्हणाले, प्रेक्षकांनी सूचना द्यायच्या नाहीत. मी म्हटलं, मग आधी त्या पलीकडच्या म्हाताऱ्याला गप्प करा, तो अर्ध्या तासापासून रेफ्रीच्या आईला सूचना देतोय. ते गेले, पण माझ्यापासून जवळच उभे राहिले. माझा आवाज त्यांनी बंद केला नाही, पण वाऱ्याने केला. समुद्राकडून येणारा वारा माझं बोलणं मागच्या माडांत नेऊन टाकत होता. आत पोरं गोंधळली होती. आमची डावी बाजू रोज बाबली सांभाळायचा, तिथे आता नवखा पोरगा होता, आणि समोरचे पुन्हा पुन्हा तिथूनच घुसत होते. मध्यंतराआधी त्यांनी तिथूनच गोल केला.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. दुसऱ्या अर्ध्यात आग्नेलोने एक गोल केला, घाई न करता. धोंडूने दोन वाचवले. बरोबरी झाली आणि आम्ही लीगमध्ये राहिलो. बाबलीचं ऑपरेशन कोल्हापुरात झालं, विम्याने पैसे दिले. विनीतशेठनी पुढच्या हंगामासाठी मला परत बोलावलं, वाटे सारखे करायचे नाहीत या अटीवर. मी नाही म्हणून सांगितलं. ते अजून विचार करतायत, मीही घरीच आहे. पण मला सांगायचंय ते मध्यंतराचं.

शिट्टी झाली. संघाने बेंचकडे जायचं असतं. दीपेश निघाला, पण बेंचकडे नाही. तो सरळ मैदान ओलांडून माझ्याकडे चालत आला. त्याच्यामागे धोंडू, मग बाकीची पोरं. आग्नेलोने एकदा इकडे एकदा तिकडे पाहिलं आणि तोही आला. दोरीपाशी येऊन सगळे गवतात बसले, दोरीच्या आत. मी बाहेर. मधे हातभर अंतर.

निरीक्षक आले. संघाने बेंचजवळ बसायला हवं, म्हणाले. मी दोरीच्या आत पाय टाकला असता तर त्यांनी सामना थांबवला असता, आणि ते थांबवणं बरोबर ठरलं असतं. मी टाकला नाही.

धोंडूने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "आमी दोरीच्या भायर गेलंव नाय," तो त्यांना म्हणाला. "आणि ती आत इली नाय. नियम वाचून बघा, आमी बसलंव."

त्यांनी खिशातून नियमांचं पुस्तक काढलं आणि खरंच वाचायला लागले. पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. मला पंधरा गोष्टी सांगायच्या होत्या, डाव्या बाजूची तर सगळ्यात आधी. आणि तेव्हाच मला पलीकडे बाबली दिसला.

बेंचवर आता तो एकटा उरला होता. मला वाटलं, बसून राहील. पण तो उठला. कुबड्या बगलेत धरून मैदानावर उतरला आणि निघाला. गवत ओलसर होतं, कुबडी रुतत होती. सगळं मैदान त्याच्याकडे बघत होतं. सुभद्रा पुढे व्हायला लागली, मी तिचा हात धरून ठेवला. दीपेश उठून त्याला आणायला गेला नाही, कारण बाबलीला ते आवडलं नसतं, आणि दीपेशला ते माहीत होतं. वेळ जात होता. दीपेश एकदा निरीक्षकांच्या घड्याळाकडे बघून म्हणाला, "ताय, बोल."

"टीम पुरी नाय झाली," मी म्हटलं.

रेफ्री मध्यभागी येऊन उभा राहिला होता. बाबली घामाने निथळत आला, दोरीपाशी थांबला, आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहिलं. राग अजून होता. असू दे. धोंडूने सरकून त्याला जागा करून दिली. पाय लांब सोडून तो खाली बसला.

"डाव्या बाजूक काय चुकता ता तू सांग," मी त्याला म्हटलं. "तुझी बाजू आसा."

बाबलीने कुबड्या गवतात ठेवल्या, त्या नवख्या पोराकडे वळला आणि बोलायला लागला.